वाचवायचे काय आणि कोणाच्या खर्चाने?

२९ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने वित्तसंस्थांना सावरण्यासाठी आणलेले ७०० अब्ज डॉलरचे विधेयक २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळले. त्याच दिवशी डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला, आणि ३ ऑक्टोबरला, काही करसवलती व ठेवविम्याची वाढीव मर्यादा जोडून, मुळातली तीच योजना मंजूर झाली. मधल्या चार दिवसांत जे मतपरिवर्तन झाले ते युक्तिवादांपेक्षा पडत्या बाजाराच्या धाकाने अधिक झाले. मंदीच्या काळात सरकारने वित्तीय बाजारात हस्तक्षेप करावा की नाही, हा वाद जगात बहुतेक वेळा असाच, तहान लागल्यावर विहीर खणावी तसा, घातला जातो. माझे म्हणणे असे की, ‘करावा की नाही’ हा प्रश्न व्यवहारात केव्हाच निकालात निघाला आहे. मोठे संकट आले की कोणत्याही विचारसरणीचे सरकार हस्तक्षेप करतेच. खरा प्रश्न, काय वाचवायचे, त्याची किंमत कोणाकडून वसूल करायची आणि बाहेर कधी पडायचे, हा आहे. आणि त्याची उत्तरे बाजार शांत असताना कायद्यात लिहून ठेवली नाहीत, तर संकटाच्या रात्री ती त्यांच्याच बाजूने लिहिली जातात ज्यांना त्या रात्री अर्थमंत्र्यांना थेट फोन लावता येतो.

हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलक्यात घेण्यासारखे नाही. तेजीच्या दिवसांत ज्यांनी झेपणार नाहीत एवढी कर्जे काढली आणि ज्यांनी ती डोळे झाकून दिली, त्यांचा हिशेब मंदीत होतो. तो होऊ दिला नाही तर भांडवल चुकीच्याच ठिकाणी अडकून पडते आणि पुढच्या खेपेला तीच मंडळी अधिक बेफिकीर होतात. नफा खासगी आणि तोटा मात्र सार्वजनिक, ही व्यवस्था कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारी नाही. हे सगळे मला मान्य आहे. परंतु या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की बाजार ज्याला बुडवतो तो बुडण्याच्याच लायकीचा असतो. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बंद पडल्या. त्यांतल्या कित्येक बँकांचा कारभार वाईट होताच, पण शेजारची बँक बुडाल्याच्या बातमीने धास्तावलेल्या ठेवीदारांनी रांगा लावल्या म्हणून ज्या कोलमडल्या, अशा बँकाही त्यांत पुष्कळ होत्या. १९२९ ते १९३३ या चार वर्षांत देशातला पैशाचा एकूण पुरवठा साधारण एक तृतीयांशाने आटला. ठेवी गेल्या, कर्ज मिळेनासे झाले, आणि सट्टेबाजीशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा कारखान्यांतल्या कामगारांना घरी बसावे लागले. याला बाजाराची शिस्त म्हणणे मला जमत नाही, कारण शिक्षा आणि अपराध यांचा तिथे मेळच उरलेला नव्हता. मार्च १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवून, तपासणी करून टप्प्याटप्प्याने उघडल्या आणि त्याच वर्षी ठेवविमा आणला, तेव्हा कुठे या रांगा थांबल्या.

ही लागण कशी पसरते, हे २००८ च्या एका प्रकरणात अगदी जवळून पाहता येते. ‘रिझर्व्ह प्रायमरी फंड’ हा अमेरिकेतला अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे गुंतवणारा सुमारे ६२ अब्ज डॉलरचा फंड होता. अशा फंडात ठेवलेला एक डॉलर केव्हाही एक डॉलर म्हणूनच परत मिळणार, असे गुंतवणूकदार धरून चालत. संस्था आणि कंपन्या आपली रोजची शिल्लक तिथे बँकेतल्यासारखी ठेवत. या फंडाकडे गृहकर्जांच्या व्यवहारात अडकलेल्या लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेचे ७८.५ कोटी डॉलरचे रोखे होते, म्हणजे एकूण मालमत्तेच्या एक टक्क्याहून किंचित अधिक. १५ सप्टेंबरला लेहमनने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्याच दिवशी फंडाला आपल्या एका युनिटची किंमत ९७ सेंट झाल्याचे जाहीर करावे लागले. तीन सेंटांचा तो फरक. पण दोन दिवसांत निम्म्याहून अधिक रक्कम परत मागितली गेली आणि ज्यांच्याकडे लेहमनचा एकही रोखा नव्हता अशा फंडांतूनही लोक पैसे काढू लागले. हे फंड नामांकित कंपन्यांची अल्पमुदतीची कर्जपत्रे विकत घेत असत, आणि त्या पैशातून कंपन्या पगार देत, कच्च्या मालाची बिले भागवत. फंडांनी हात आखडता घेताच गृहकर्जांच्या व्यवहाराशी दूरान्वयानेही संबंध नसलेल्या उद्योगांच्या तोंडचे पाणी पळाले. १९ सप्टेंबरला अमेरिकेच्या अर्थखात्याने अशा फंडांमधल्या विद्यमान शिलकेला हमी जाहीर केली. फंडांकडून तिच्यासाठी शुल्क आकारले गेले, पैसे काढून घेण्याची लाट ओसरली आणि वर्षभराने हमी संपली तेव्हा सरकारने एक डॉलरही न देता सुमारे १.२ अब्ज डॉलर शुल्कापोटी जमा केले होते. हा हस्तक्षेप चुकीचा होता असे म्हणणाऱ्याने त्याऐवजी काय करायला हवे होते, हेही सांगायला हवे. (शुल्क आधीपासून, म्हणजे शांततेच्या वर्षांतही घ्यायला हवे होते, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी सहमत आहे.)

तेव्हा पहिली रेघ इथे ओढली पाहिजे. एखाद्या संस्थेची मालमत्ता तिच्या देण्यांपेक्षा जास्त आहे, पण ती आज संध्याकाळपर्यंत रोखीत बदलता येत नाही, ही एक परिस्थिती. आणि मालमत्ताच देण्याला पुरी पडत नाही, ही दुसरी. पहिलीत उसने पैसे पुरतात, दुसरीत ते बुडीत खात्यात जातात. इंग्रज अर्थपत्रकार वॉल्टर बॅजट यांनी १८७३ मध्येच मध्यवर्ती बँकेसाठी जी रीत मांडली ती आजही उपयोगी आहे: घबराटीत हात सैल सोडून कर्ज द्यावे, पण चांगले तारण घेऊन आणि चढ्या व्याजाने. चढ्या व्याजामुळे ज्याला खरोखर गरज आहे तोच दाराशी येतो आणि गरज सरताच परत फिरतो. अडचण एवढीच की घबराटीच्या दिवसांत ही रेघ पुसट होते. तारणाची किंमत किती, हे त्या दिवशीच्या बाजारावर ठरते आणि बाजार तर घाबरलेला असतो. त्यामुळे तीच संस्था सकाळच्या भावाने दिवाळखोर आणि सहा महिन्यांपूर्वीच्या भावाने धडधाकट दिसू शकते. ही अडचण मी नाकारत नाही. पण रेघ पुसट आहे म्हणून ती ओढूच नये, या निष्कर्षाचा फायदा नेहमी बुडालेल्या संस्थेच्या मालकांनाच होतो, हे लक्षात ठेवायला हवे.

ही रेघ नीट ओढता येते याचे अलीकडचे उदाहरण ब्रिटनमधले आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी तिथल्या सरकारने मोठ्या करकपातीचा प्रस्ताव मांडला आणि दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचे भाव काही दिवसांत झपाट्याने पडले. अनेक निवृत्तिवेतन निधींनी याच रोख्यांवर उसने पैसे घेऊन गुंतवणूक केली होती. भाव पडताच त्यांच्याकडे जादा तारण मागितले गेले. तारणासाठी रोख हवी म्हणून त्यांनी रोखे विकायला काढले. विक्रीमुळे भाव आणखी पडले आणि आणखी तारण मागितले गेले. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तशी ही अवस्था होती, आणि ती निर्माण झाली होती जगातल्या सर्वांत सुरक्षित मानल्या जाणाऱ्या रोख्यांपैकी एका रोख्यात. २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडने दीर्घ मुदतीचे रोखे दिवसाला पाच अब्ज पौंडांपर्यंत विकत घेण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर ही शेवटची तारीख त्याच घोषणेत सांगून टाकली. त्या तारखेच्या तीन दिवस आधी, मुदत वाढवावी असा दबाव असताना, गव्हर्नर अँड्र्यू बेली यांनी निधींना जाहीरपणे बजावले की उरलेल्या तीन दिवसांत आपापली व्यवस्था लावा. त्यांच्यावर त्या वेळी कठोरपणाची टीका झाली. प्रत्यक्षात जाहीर केलेल्या कमाल मर्यादेच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी, म्हणजे १९.३ अब्ज पौंडांची खरेदी पुरली, आणि जानेवारी २०२३ पर्यंत बँकेने ते सगळे रोखे बाजारात परत विकलेही. रोख्यांचा भाव अमुक पातळीवर आणून ठेवण्याचा प्रयत्न बँकेने केला नाही. विक्रीची फरफट थांबवणे आणि निधींना तारण जमवायला अवधी देणे, एवढेच काम तिने अंगावर घेतले, म्हणूनच तिला त्यातून बाहेर पडता आले. मला त्या तीन दिवसांच्या इशाऱ्याचे मोल त्या खरेदीइतकेच वाटते.

याउलट, भाव टिकवण्यासाठी केलेला हस्तक्षेप मला जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीचा वाटतो. २००८ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने सुमारे ८०० वित्तीय कंपन्यांच्या समभागांत शॉर्ट सेलिंगला, म्हणजे हाती नसलेले समभाग उसने घेऊन विकण्याला, १९ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर अशी बंदी घातली. हे समभाग बंदीच्या काळातही घसरतच राहिले. वाढला तो खरेदी आणि विक्रीच्या भावांतला फरक, म्हणजे ज्याला प्रामाणिकपणे विकायचे होते त्याचा खर्च. जपानमध्ये १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर पोहोचलेला निक्केई निर्देशांक कोसळू लागल्यावर सरकारने टपाल बचत आणि निवृत्तिवेतनाचा पैसा समभागांकडे वळवून पडझड रोखण्याचा प्रयत्न केला. बँकांची बुडीत कर्जे मात्र वर्षानुवर्षे झाकून ठेवली गेली, जी कंपनी व्याजही फेडू शकत नव्हती तिला नवे कर्ज देऊन जुने चालू दाखवले गेले, आणि शेवटी १९९७ मध्ये होक्काइडो ताकुशोकू बँक व यामाइची सिक्युरिटीज या बड्या संस्था कोसळल्याच. निक्केईला ती जुनी पातळी ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. भाव ही बातमी आहे. ती दडवल्याने ज्या कारणाने भाव पडला ते कारण दूर होत नाही.

या मताच्या विरुद्ध जाणारे हाँगकाँगचे उदाहरण आहे आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये तिथल्या सरकारने सुमारे ११८ अब्ज हाँगकाँग डॉलरचे समभाग थेट बाजारातून विकत घेतले. मुक्त बाजाराचा आदर्श म्हणून ज्या शहराचे कौतुक होत असे त्यानेच हे केल्यामुळे जगभरातून टीका झाली, पण डाव यशस्वी झाला. तिथे नेमके काय घडत होते ते मात्र पाहिले पाहिजे. सट्टेबाज एकीकडे हाँगकाँग डॉलर विकत होते, त्यामुळे चलनाचा दर राखण्याच्या व्यवस्थेनुसार व्याजदर आपोआप चढत होते, आणि व्याजदर चढले की समभाग पडणार या हिशेबाने त्यांनी समभाग निर्देशांकाच्या वायद्यांतही आधीच विक्री करून ठेवली होती. एका बाजारातल्या दबावावर दुसऱ्या बाजारात कमाई, असा तो दुहेरी डाव होता. सरकारजवळ मोठी परकीय गंगाजळी होती, खरेदी दोन आठवड्यांत आटोपली, आणि १९९९ पासून ‘ट्रॅकर फंड’च्या रूपाने ते समभाग सर्वसामान्य गुंतवणूकदारांना विकायला सुरुवात झाली. एवढ्या सगळ्या अटी एकत्र येणे दुर्मीळ आहे. त्यामुळे हाँगकाँगचा दाखला देऊन प्रत्येक घसरणीत सरकारी खरेदीची मागणी करणाऱ्यांना मी विचारीन की, तुमच्या बाबतीत डाव कोणाचा आहे, तिजोरीत किती आहे, आणि विकत घेतलेले समभाग तुम्ही कसे व कधी विकणार आहात?

खरे घोडे पेंड खाते ते दुसऱ्या परिस्थितीत, म्हणजे संस्था खरोखरच बुडालेली असते तेव्हा. इथे मला स्वीडन आणि आयर्लंड यांची तुलना सर्वांत बोलकी वाटते. १९९२ मध्ये स्वीडनच्या बँका बुडीत कर्जांखाली दबल्या होत्या. सरकारने सप्टेंबरमध्ये ठेवीदार आणि इतर धनको यांना हमी दिली, भागधारकांना मात्र ती दिली नाही. ज्या बँकेला मदत हवी असेल तिने आधी आपला तोटा वास्तव भावाने ताळेबंदात दाखवावा, मालकांनी तो आधी सोसावा, आणि सरकारने पैसे घातले तर त्या प्रमाणात मालकीही घ्यावी, अशा अटी होत्या. विरोधी पक्षाला विश्वासात घेऊन हे ठरवले गेले, त्यामुळे सरकार बदलले तरी धोरण टिकले. नॉर्डबँकेनची बुडीत कर्जे ‘सेक्युरम’ नावाच्या वेगळ्या कंपनीकडे सोपवून ती सावकाश विकली गेली. या अटींचा परिणाम किती नेमका असतो पाहा: मदतीसाठी बोलणी करणाऱ्या एसई-बँकेनने सरकारी पैशाबरोबर मालकीही जाणार हे पाहून अर्ज मागे घेतला आणि आपल्याच भागधारकांकडून नवे भांडवल उभे केले. मदतीची किंमत खरी असेल तर ज्याला ती टाळणे शक्य आहे तो ती टाळतो. स्वीडनचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण ४ टक्के झाला आणि त्याचा मोठा भाग नंतर मालमत्ता व समभाग विकून वसूल झाला.

आयर्लंडमध्ये २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री घाईने झालेल्या बैठकीत सरकारने सहा बँकांची सुमारे ४४० अब्ज युरोंची देणी एका फटक्यात आपल्या अंगावर घेतली, म्हणजे देशाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक. या बँकांना फक्त तात्पुरती रोखीची चणचण आहे, असे त्या रात्री गृहीत धरले गेले. त्यांतली अँग्लो आयरिश बँक मुळातूनच पोखरलेली होती, आणि मोठे रोखेधारक, ज्यांनी जास्त व्याजाच्या आशेने समजूनउमजून जोखीम घेतली होती, तेही त्या हमीखाली आले. बँकांत सुमारे ६४ अब्ज युरो ओतावे लागले, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये खुद्द देशालाच युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. ज्या देशाची सार्वजनिक कर्जे संकटाआधी माफक होती, तिथल्या नागरिकांनी पगारकपात, करवाढ आणि स्थलांतर सोसले, ते त्यांनी कधीही न घेतलेल्या कर्जांपायी. या अन्यायाविषयी तटस्थ राहणे मला शक्य नाही.

हस्तक्षेपाचे समर्थक अनेकदा असा दाखला देतात की सरकारला शेवटी नफाच झाला. विमा कंपनी एआयजीचे प्रकरण त्यासाठी पुढे केले जाते: सप्टेंबर २००८ मध्ये ८५ अब्ज डॉलरचे कर्ज देऊन सरकारने ७९.९ टक्के हिस्सा घेतला, मदतीची मर्यादा पुढे १८० अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली, आणि २०१२ मध्ये हिशेब पुरा झाला तेव्हा सुमारे २२.७ अब्ज डॉलरचा फायदा नोंदवला गेला. आकडे खरे आहेत, परंतु ते अपुरे आहेत. एआयजीने ज्या मोठ्या बँकांना गृहकर्ज रोख्यांवर विमा विकला होता, त्यांना सरकारी मदतीतून शंभर टक्के रक्कम मिळाली. दिवाळखोरीच्या न्यायालयात ती मिळाली नसती. पैसे परत आले म्हणजे जोखमीचे मोल मिळाले असे होत नाही, कारण त्या आठवड्यात तेवढी जोखीम घ्यायला जगात दुसरे कोणीही तयार नव्हते. आणि मार्च २००९ मध्ये याच कंपनीने ज्या विभागाने ती बुडवली त्यातल्या लोकांना सुमारे १६.५ कोटी डॉलरचे बोनस दिले, तेव्हा करार पाळलेच पाहिजेत असे सांगण्यात आले. करार वरच्या मजल्यावर पाळायचे आणि खालच्या मजल्यावर मोडायचे, असा अर्थ लोकांनी त्यातून काढला, त्यात लोकांचे चुकले असे मला वाटत नाही.

पुढच्या वेळी सरकार वाचवेलच, या भरवशावर जोखीम वाढत जाते, हा आक्षेप खरा आहेच. पण मला त्याहून घातक वाटतो तो सरकारचा धरसोडपणा. मार्च २००८ मध्ये बेअर स्टर्न्स या अडचणीतल्या गुंतवणूक बँकेच्या विक्रीला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने टेकू दिला. त्यावरून त्याहून मोठ्या लेहमनलाही वाऱ्यावर सोडणार नाहीत, असा अंदाज बाजाराने बांधला. लेहमनला सोडले, आणि दुसऱ्याच दिवशी एआयजीला उचलून धरले. यांतल्या प्रत्येक निर्णयाचे स्वतंत्र समर्थन करता येईल, पण तिन्हींमागे एकच नियम आहे असे कोणाला सांगता आले नाही. हा दोष अजून गेलेला नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले. तिथल्या ९० टक्क्यांहून अधिक ठेवी २,५०,००० डॉलरच्या विमा मर्यादेबाहेरच्या होत्या, तरी सगळ्या ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळाली. त्याच महिन्यात स्वित्झर्लंडमध्ये क्रेडिट स्वीस या बँकेचे सुमारे १६ अब्ज फ्रँकचे विशेष रोखे शून्यावर आणले गेले आणि भागधारकांना मात्र सुमारे तीन अब्ज फ्रँक मिळाले. रोख्यांच्या करारात तशी तरतूद होती, हे स्विस नियामकांचे म्हणणे होते. पण मालक आधी आणि धनको नंतर हा तोटा सोसण्याचा क्रम उलटा झाला, हे खरेच. विमा मर्यादा प्रत्यक्षात पाळायचीच नसेल तर ती उघडपणे वाढवावी आणि त्या वाढीव संरक्षणाचा हप्ता बँकांकडून दर वर्षी घ्यावा. संरक्षण फुकट आणि अनिश्चित, हे दोन्ही एकाच वेळी असण्याइतके वाईट काही नाही.

आणि कर्जदारांचे काय? २००९ मध्ये अमेरिकेने गृहकर्जांचे हप्ते कमी करून देण्याची योजना आणली, तेव्हा ३० ते ४० लाख कुटुंबांना सावरण्याचे उद्दिष्ट सांगितले होते. प्रत्यक्षात कागदपत्रांच्या चकरा, हप्तेवसुली करणाऱ्या कंपन्यांची अनास्था आणि प्रायोगिक मुदतीनंतर नाकारलेले अर्ज यांमुळे कायमचा दिलासा मिळालेली कुटुंबे त्या उद्दिष्टाच्या बरीच खाली राहिली. बँकांसाठीचे निर्णय एका आठवड्याच्या शेवटी, सोमवारी बाजार उघडण्याच्या आत होतात. घरमालकाला मात्र तेच कागद पुनःपुन्हा पाठवावे लागतात. लाखो स्वतंत्र कर्जांची छाननी करणे व्यवहार्य नसते, असे याचे कारण दिले जाते. परंतु १९३३ मध्ये, संगणकाशिवाय, ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ या सरकारी संस्थेने थकलेली गृहकर्जे सावकारांकडून विकत घेतली आणि तीन वर्षांत सुमारे दहा लाख घरमालकांना मिळून तीनेक अब्ज डॉलरची, लांब मुदतीची आणि कमी व्याजाची नवी कर्जे दिली. साधारण पाचांतल्या एकाचे घर तरीही गेले, चारांची राहिली; आणि १९५१ मध्ये संस्था गुंडाळली गेली तेव्हा तिच्या वहीत थोडा नफाच शिल्लक होता. त्यामुळे हे करता येत नाही, हे उत्तर मला मान्य नाही. पुढच्या संकटासाठी जो कायदा लिहिला जाईल, त्यात बँकेला रोख देण्याचे कलम ज्या पानावर असेल, त्याच पानावर कर्जदाराच्या दिलाशाचे कलम असावे, आणि दोन्ही एकाच वेळी लागू व्हावीत, एकाशिवाय दुसरे अमलात येऊ नये, असा माझा आग्रह आहे.